वऱ्हाडच्या उन्हात टिकणारे कॅबिनेट कसे निवडावे?



बियाणे, खत, फवारणी यांबद्दल विचारायला येणारी मंडळी हल्ली जाता जाता आणखी एक प्रश्न विचारतात. "साहेब, पोट्टं म्हणते का गेमिंगचा कम्प्युटर पायजे. देऊ का नोको देऊ?" पोरगा बारावीत असतो, नाही तर मुलगी अमरावतीला, बडनेऱ्याला किंवा अकोल्याला इंजिनिअरिंग शिकत असते. मोबाइलवर भागत नाही, तयार संच परवडत नाही, म्हणून एकेक भाग निवडून कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा असे त्यांच्या मनात असते. ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसरीचा, पेरणीयंत्र तिसरीचे, तसाच हा प्रकार.

द्यावा की न द्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण द्यायचे ठरले, तर त्यातल्या एका भागाकडे घरच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः लक्ष घालावे असे मला वाटते. तो भाग म्हणजे कॅबिनेट, म्हणजे सगळे यंत्र ज्यात बसते ती लोखंडी पेटी. बाकीच्या भागांतले पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळते. पेटीच्या बाबतीत मात्र ऊन, वारा, धूळ आणि उंदीर यांचा हिशेब करावा लागतो, आणि तो शेतकऱ्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार?

पैशाचा हिशेब

नवे खेळ बऱ्यापैकी चालतील असा कॉम्प्युटर पडद्यासह सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जातो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे नऊ-दहा क्विंटल कापूस झाला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही लहान रक्कम नव्हे. त्यात कॅबिनेटचा वाटा किती? चांगले, हवेशीर कॅबिनेट साडेतीन-चार हजारांपासून मिळते. म्हणजे जेमतेम अर्धा क्विंटल कापूस.

हा अर्धा क्विंटल बाकीच्या साडेनऊ क्विंटलांची राखण करतो. पेटी चुकली तर महागडे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर उष्णतेने मंदावतात, पंखे धुळीने घासून लवकर खराब होतात आणि दोन वर्षांत यंत्र दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसते. पेटी नीट निवडली तर तीच पेटी पुढे आतले भाग बदलून दहा वर्षेही चालते.

आपला मुलूख वेगळा आहे

मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस तर उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. असले ऊन सोसणाऱ्या गावात पुण्या-मुंबईच्या हवेला चालणारी पेटी चालेलच असे नाही.

उष्णतेचे गणित सोपे आहे. जोराचा खेळ चालू असताना असा कॉम्प्युटर तीनशे-चारशे वॅट वीज खातो, आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जुने शंभर वॅटचे तीन-चार पिवळे दिवे एका पेटीत लावून ठेवल्यासारखे ते आहे. ही उष्णता बाहेर काढायला पंखे खोलीतलीच हवा वापरतात. म्हणून खोली जितकी तापते तितकाच आतला भागही जास्त तापतो. समजा, पौष महिन्यात खोलीत २० अंश असताना प्रोसेसर ६५ वर चालतो. मे महिन्यात खोली ४० वर गेली की तोच प्रोसेसर ८५ च्या आसपास जाणार. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात, फारच तापले तर यंत्र बंद पडते. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या हातात दहा-पंधरा अंशांचीच शिल्लक उरते. कोंदट पेटी ही शिल्लक सहज खाऊन टाकते.

धाब्याच्या घरात दुपारी त्यातल्या त्यात गारवा असतो. टिनाच्या छपराखाली तो नसतो. म्हणून टिनाच्या खोलीत यंत्र ठेवणार असाल तर पुढचे अधिक काळजीपूर्वक वाचावे.

कांदाचाळ आठवावी

कॅबिनेट कसे असावे हे समजायला कांदाचाळ डोळ्यांसमोर आणावी. चाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतो, खालून आणि बाजूंनी वारा शिरायला फटी ठेवतो, गरम दमट हवेला बाहेर पडायला वाट ठेवतो. पक्क्या भिंतींच्या बंद खोलीत कांदा भरला तर काय होते हे सांगायला नको. कॅबिनेटचेही तसेच आहे. समोरून आणि खालून थंड हवा आत यावी, मागून आणि वरून गरम हवा बाहेर जावी, आणि मधल्या वाटेत वायरींचा गुंता नसावा. एवढे साधले की निम्मे काम झाले.

दुकानात मात्र नजर जाते ती भलतीकडे. समोर अखंड काच, आत लाल-निळे फिरते दिवे, असे कॅबिनेट मांडणीत वर ठेवलेले असते. ते देखणे असते यात शंका नाही. पण समोरची बाजू काचेने बंद असली की पंख्यांना हवा कडेच्या बारीक फटींतून ओढावी लागते. पंखा फिरताना दिसतो, हवा मात्र पुरेशी आत येत नाही. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल घालतो ती एका दिवसापुरती. औताला जुंपताना कोणी झूल घालत नाही. बाजूला एक काच असली तर हरकत नाही, पोरांची हौस तिने भागते. समोरची बाजू मात्र जाळीचीच हवी.

जाळी, पंखे आणि गाळणी

जाळी पाहताना तिच्यासमोर हात धरावा आणि दुकानदाराला पंखे सुरू करायला सांगावे. हवा खेचली जाते की नाही ते कळते. पतंगी कागदाची अरुंद पट्टी धरली तर आणखी स्पष्ट दिसते. पुढच्या बाजूला पट्टी जाळीला चिकटली पाहिजे, मागच्या बाजूला ती बाहेर फडफडली पाहिजे.

पंखे साधारण १२० किंवा १४० मिलिमीटरचे असतात. मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा देतो, म्हणून आवाजही कमी करतो. आपल्या भागासाठी समोर दोन-तीन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, अशी मांडणी बरी पडते. आत येणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी. तसे झाले की पेटीच्या बारीक फटींतून हवा बाहेर जात राहते आणि त्या वाटांनी धूळ आत ओढली जात नाही. उलट केले, म्हणजे बाहेर फेकणारे पंखे जास्त लावले, तर यंत्र प्रत्येक भोकातून धूळ ओढू लागते. पंखा बसवताना त्याची ज्या बाजूला आडवी पट्टी आणि कागदी चिकटपट्टी असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढे ध्यानात ठेवावे.

समोर, वर आणि खाली, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या पंख्याखाली, अशा तिन्ही ठिकाणी धुळीची गाळणी असावी. ती ओढून बाहेर काढता आली पाहिजे. स्क्रू काढल्याशिवाय न निघणारी गाळणी घरात कोणी साफ करत नाही, हा अनुभव आहे. फवारणी पंपाची गाळणी जितकी सहज निघते तितकी ही निघावी.

रुई, तुरीची धूळ आणि पाहुणे

आपल्याकडची धूळ एका प्रकारची नसते. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक भुकटी असते. माघ-फाल्गुनात तूर-हरभऱ्याच्या मळणीची खाजरी धूळ असते. आणि दिवाळीपासून भाव वाढण्याची वाट पाहत घरातच भरून ठेवलेला कापूस असतो.

अकोट तालुक्यातल्या एका घरी हा प्रकार पाहिला. मुलाच्या खोलीत अर्ध्या उंचीपर्यंत कापूस आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. यंत्र रोज संध्याकाळी तासाभरात बंद पडत होते. मुलाचे वडील म्हणाले, "साहेब, मी तं म्हणतो का त्या खेळातच काही खोट हाये." मुलाने समोरची जाळी काढली, तर तिच्यावर रुईचा थर नमद्यासारखा बसलेला. अख्खा थर एका चिमटीत निघाला. जाळी धुऊन वाळवून लावली, यंत्र चालू झाले. ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर भुसा बसला की इंजिन तापते, तेच इथे झाले होते. ते पाहून वडील म्हणाले, "हे तं ट्रॅक्टरवानीच हाये बाप्पा." त्या दिवसापासून कापूस एका खोलीत आणि कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, असे त्यांनी केले. ते सर्वांनीच करावे. वाळलेल्या कापसाजवळ विजेचे तापणारे यंत्र, बोर्ड, वायरींची जोडणी असणे हे आगीला निमंत्रण आहे.

दुसरा धोका पाहुण्यांचा. उबदार अंधारी पेटी उंदराला, पालीला, मुंग्यांना आवडते. कॅबिनेटच्या मागे कार्डे बसवण्यासाठी उभ्या फटी असतात. त्यावरच्या लोखंडी पट्ट्या काढून फेकल्या की उंदराच्या पिलाला तेवढी वाट पुरते. एकदा आत गेला की तो वायरी कुरतडतो आणि घाण करून मदरबोर्ड गंजवतो. कुंभारीण माशीही रिकाम्या भोकांत मातीचे घर करते. म्हणून न वापरलेल्या सगळ्या पट्ट्या जागच्या जागी आहेत ना, हे विकत घेतानाच पाहावे. काही स्वस्त पेट्यांत या पट्ट्या पत्र्यातच कापलेल्या असतात, एकदा मोडल्या की परत बसत नाहीत. स्क्रूने बसणाऱ्या पट्ट्या केव्हाही चांगल्या.

माप आधी, पेटी नंतर

चपला घेताना पाय मोजतो, तसे इथेही आहे. मुलांनी कोणता मदरबोर्ड घ्यायचा ठरवला ते आधी कागदावर लिहून घ्यावे. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचे माप ठरवले, ते आजही चालते. पूर्ण एटीएक्स मदरबोर्ड ३०.५ सेंटिमीटर लांब आणि २४.४ सेंटिमीटर रुंद असतो. मायक्रो एटीएक्स दोन्ही बाजूंनी २४.४ सेंटिमीटर. बेताच्या बजेटमध्ये बहुधा मायक्रो एटीएक्सच येतो. तो मोठ्या पेटीत बसतो, पण मोठा मदरबोर्ड लहान पेटीत बसत नाही. आपल्या उन्हाचा विचार करता अगदी लहान पेटीच्या नादी लागू नये. मध्यम उभी पेटी घ्यावी, तिच्यात हवेला जागा राहते.

आणखी दोन मापे महत्त्वाची. ग्राफिक्स कार्डाची लांबी वीस सेंटिमीटरपासून चौतीस सेंटिमीटरपर्यंत असू शकते. पेटीच्या खोक्यावर किती लांबीचे कार्ड बसते ते छापलेले असते. समोर जाड पंखे किंवा रेडिएटर लावला की त्यातून तेवढी जागा कमी होते. दुसरे माप प्रोसेसरवरच्या थंड करणाऱ्या मनोऱ्याची उंची. चांगले मनोरे साडेपंधरा-सोळा सेंटिमीटर उंच असतात. ते बसले नाहीत तर बाजूचे झाकण लागत नाही. दोन्ही बाबतींत एक-दोन सेंटिमीटर मोकळे राहतील असे पाहावे.

पत्राही हाताळून बघावा. बाजूचे झाकण काढून अंगठ्याने दाबावे. लगेच आत-बाहेर होत असेल तर पत्रा पातळ आहे, पंख्यांबरोबर तो घरघरणार. कडा दुमडलेल्या असाव्यात, नाही तर वायरी आणि बोटे दोन्ही कापतात.

काही स्वस्त कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट मिळतो. या फुकटच्या मोहात पडू नये. ग्राफिक्स कार्डाची भूक अशा पुरवठ्याला भागत नाही, आणि तो जळताना शेजारच्यालाही घेऊन जाऊ शकतो. एसएमपीएस वेगळा, ८० प्लस शिक्का असलेला आणि निदान तीन वर्षांच्या हमीचा घ्यावा. कॅबिनेट आणि एसएमपीएस दोन्हींचे पक्के बिल मागून घ्यावे.

अर्थिंगशिवाय पेटी लावू नये

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅबिनेट लोखंडाचे असते. घराला अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या रचनेमुळेच पेटीच्या अंगावर थोडी वीज उतरते आणि हात लावला की झिणझिण्या येतात. "थोडं झिनझिनते, बाकी काही नाही," असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. पण आत एखादी वायर उघडी पडली तर त्या झिणझिण्यांचा झटका होतो. उन्हाळ्यात लोखंडी कुलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात. तोच धोका इथेही आहे.

तीन पिनांचा प्लग, त्याला खरोखर जोडलेली अर्थिंगची तार आणि बोर्डात गळतीची वीज तोडणारा स्विच, एवढे तरी करून घ्यावे. तिसरी पिन कापून प्लग दोन भोकांत बसवणारा कारागीर घरात घेऊ नये. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाण पट्ट्यातल्या मंडळींनी आणखी एक पाहावे. खाऱ्या जमिनीत अर्थिंगचा लोखंडी पाइप लवकर गंजतो. दरवर्षी वायरमनकडून तपासून घ्यावे.

ठेवायचे कुठे?

पेटी जमिनीवर ठेवू नये. झाडताना उडणारी सगळी धूळ तिच्या पोटात जाते. एक-दीड फूट उंच पाटावर किंवा टेबलावर ठेवावी. भिंतीपासून मागे निदान वीतभर जागा असावी. लाकडी कपाटाच्या बंद खणात तर कधीच ठेवू नये.

कुलरची खोली मात्र चांगली. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कुलर खोलीचे तापमान बरेच खाली आणतो आणि त्याचा फायदा यंत्रालाही होतो. पण कुलरच्या अगदी तोंडासमोर पेटी ठेवू नये. वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार येतात. खारपाण पट्ट्यात त्या पाण्यातला क्षार पांढऱ्या पापुद्र्यासारखा कुलरच्या टाटीवर बसलेला आपण पाहतोच. तोच क्षार लोखंडावर बसला तर गंज चढवतो. कुलर एका भिंतीला आणि कॉम्प्युटर बाजूच्या भिंतीला असावा.

साफसफाईचे पंचांग

दिवाळीच्या आवराआवरीत पेटी एकदा पूर्ण साफ करावी. कापूस घरात असेपर्यंत आणि मळणी संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी गाळण्या काढून झटकाव्यात, साध्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. अक्षय तृतीयेच्या सुमारास, खरे ऊन लागण्याआधी, पुन्हा पूर्ण सफाई. मृगाच्या आधी वायरी, अर्थिंग आणि उंदरांच्या वाटा तपासाव्यात.

साफ करताना आधी प्लग काढावा. झाकण उघडून मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाही तर पंखा वेडावाकडा फिरून खराब होतो. ओले फडके आत घालू नये. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते.

पालकांसाठी दोन शब्द

गेमिंग म्हटले की घरात वाद होतो. त्यात एक गोष्ट समजून घ्यावी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. ई-स्पोर्ट्स मात्र त्याच कायद्यात वेगळे धरले आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धांत त्यांना पदकेही होती. तेव्हा जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हे मुलांना आणि आपल्यालाही स्पष्ट असावे. याच यंत्रावर मुलीला इंजिनिअरिंगची चित्रे काढता येतात, मुलाला व्हिडिओ जुळवता येतो. वेळेची शिस्त घरानेच लावायची आहे, ती कोणत्याही पेटीबरोबर मिळत नाही.

खरेदीला अमरावती, अकोला किंवा नागपूरला जाताना एकाने मुलाबरोबर जावे आणि चिठ्ठीवर एवढे लिहून न्यावे: समोर जाळी, निघणारी गाळणी, तीन ते चार पंखे, मागच्या पट्ट्या शाबूत, कार्डाची लांबी, मनोऱ्याची उंची, एसएमपीएस वेगळा, पक्के बिल. सगळे जोडून एसटीने आणणार असाल तर जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे आणावे आणि पेटी काच वर येईल अशी आडवी, गोधडीत गुंडाळून ठेवावी. घरी आल्यावर लगेच लावण्याची घाई पोरे करतील. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग पाहून घ्यावे, मगच बटण दाबावे.